लहान मुलासह दोन दिवसांची सहल : प्रकाशाहून एकतानगर

तापी, गोमाई आणि पुलिंदा या नद्यांच्या संगमावर वसलेले प्रकाशा हे शहादा तालुक्यातील गाव ‘दक्षिण काशी’ म्हणून सर्वपरिचित आहे. काशीयात्रा करून आलेल्या भाविकाने प्रकाशा येथे उत्तरपूजा केल्यावाचून त्याची यात्रा पुरी होत नाही, अशी पूर्वापार श्रद्धा आहे. केदारेश्वर, संगमेश्वर आणि पुष्पदंतेश्वर यांच्या दर्शनासाठी दूरदूरची माणसे येथे येतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे बी. के. थापर यांनी १९५५ मध्ये येथील पांढरीच्या टेकाडाचे उत्खनन केले आणि ताम्रपाषाण काळापासून या स्थळी मनुष्यवस्ती नांदत असल्याचे दाखवून दिले. माणसांनी येथे यावे ही या गावाची जुनी रीत होय. येथील माणसांनी केवळ मुलांच्या आनंदासाठी दोन दिवस बाहेर जावे, ही त्या मानाने अगदी अलीकडची गोष्ट.

खानदेशातील सर्वसामान्य कुटुंबाचा प्रवास आजवर यात्रा, लग्नकार्य आणि दवाखाना या तीन कारणांनीच होत आला. मुलांची मौज होत असे ती मार्गशीर्षात, सारंगखेड्याच्या दत्तयात्रेत. घोड्यांचा बाजार, भोंग्यांचा कल्लोळ आणि आकाशपाळणा यांची ओळख या परिसरातील कित्येक पिढ्यांना तेथेच झाली. आता मात्र शिक्षक, ग्रामसेवक, परिचारिका, पपई व केळीचे बागायतदार, दुकानदार अशी अनेक कुटुंबे सुटीत मुलांना घेऊन एखाद्या मोठ्या उद्यानात जाण्याचा विचार करू लागली आहेत. त्यांना ठिकाणे ठाऊक असतात. तीन-चार वर्षांच्या मुलासह असा प्रवास कसा आखावा, याविषयी मात्र फारसे कोणी सांगत नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

कल्पनेभोवती उभारलेले उद्यान

ज्याला सर्वत्र ‘थीम पार्क’ म्हणतात ते उद्यान आणि जत्रेतील पाळणे यांत एक मूलभूत फरक आहे. जत्रेत प्रत्येक पाळणा स्वतंत्र असतो. एकाचा दुसऱ्याशी संबंध नसतो. थीम पार्कमध्ये एखादी कथा किंवा कल्पना ठरवून वाटा, इमारती, वाहने, संगीत आणि खेळ त्या कल्पनेभोवती गुंफलेले असतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९५५ साली उघडलेले डिस्नेलँड हे या प्रकारचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. आपल्याकडे दिल्लीचे अप्पू घर १९८४ मध्ये सुरू झाले व २००८ मध्ये बंद पडले. मुंबईत गोराई येथे १९८९ मध्ये एस्सेल वर्ल्ड सुरू झाले; राज्यातील दोन पिढ्यांच्या शालेय सहली तेथे गेल्या आणि २०२२ मध्ये तेही बंद झाले. खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ पासून सुरू आहे. तथापि प्रकाशाहून ते चारशे किलोमीटरांच्या घरात पडते. मोठ्या मुलांनी तेथे जरूर जावे. चार वर्षांच्या मुलाला एवढे अंतर नेऊन, उंची कमी पडते म्हणून निम्म्या खेळांच्या दाराशी उभे करून ठेवण्यात काय हशील आहे, याचा पालकांनी विचार करावा.

उंचीच्या अटीविषयी येथेच दोन शब्द सांगणे इष्ट होईल. प्रवेशद्वाराशी रंगविलेली पट्टी पाहून पुष्कळ पालक कर्मचाऱ्यांशी हुज्जत घालतात. ही अट वयाची नसून शरीराच्या मापाची आहे. वेगाने वळणाऱ्या किंवा खाली झेपावणाऱ्या गाडीत बसणाऱ्याला जागेवर धरून ठेवणारा दांडा विशिष्ट मापाच्या शरीरासाठीच बनविलेला असतो. मूल त्याहून लहान असेल तर दांड्याखाली पोकळी राहते व ते सरकून बाहेर पडू शकते. आईने घट्ट धरून ठेवले तरी त्या वेगापुढे हाताची पकड टिकत नाही. म्हणून पट्टीपेक्षा दोन बोटे कमी असलेल्या मुलासाठी आर्जव करू नये. घरून निघण्यापूर्वीच दाराच्या चौकटीला टेकवून मुलाची उंची मोजावी आणि कोणते खेळ त्याच्यासाठी आहेत हे त्याला आधीच सांगून ठेवावे. ऐनवेळी मिळालेल्या नकारापेक्षा आधी समजलेली मर्यादा मुले अधिक शहाणपणाने स्वीकारतात.

जवळचे ठिकाण

नंदुरबार जिल्ह्याला सर्वांत जवळ पडणारे अशा स्वरूपाचे मोठे संकुल गुजरात राज्यात, नर्मदा जिल्ह्यातील एकतानगर येथे आहे. पूर्वीचे केवडिया ते हेच. सरदार वल्लभभाई पटेल यांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी येथे राष्ट्राला अर्पण करण्यात आला. त्याचे शिल्पकार राम सुतार यांचा जन्म १९२५ साली धुळे जिल्ह्यातील गोंदूर या गावी झाला. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा वेगळा जिल्हा होईपर्यंत प्रकाशाही धुळे जिल्ह्यातच होते. तेव्हा जगातील सर्वांत उंच पुतळा घडविणारे हात आपल्याच भागातले होत, असे मुलांना सांगावयास हरकत नाही.

लहान मुलांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट मात्र पुतळा नव्हे. ३० ऑक्टोबर २०२० रोजी येथे बालकांसाठी पोषण उद्यानाचे उद्घाटन झाले. सुमारे ३५ हजार चौरस फूट जागेत उभारलेल्या या उद्यानातून एक छोटी आगगाडी धावते. तिची स्थानके ‘फलशाका गृहम्’, ‘पयोनगरी’, ‘अन्नपूर्णा’, ‘पोषण पुराण’ आणि ‘स्वस्थ भारतम्’ अशा नावांची आहेत. फळे व भाज्या, दूध, घरचे अन्न, आरोग्य असे विषय खेळांतून आणि हलत्याबोलत्या देखाव्यांतून मुलांपुढे येतात. आरशांचा भुलभुलैयाही आहे. त्याच दिवशी खुले झालेले ‘जंगल सफारी’ हे प्राणिसंग्रहालय सुमारे ३७५ एकरांत, टेकडीच्या चढणीवर निरनिराळ्या सात उंचींवर पसरले आहे. त्यात पक्ष्यांसाठी मोठे घुमट असून लहान मुलांना काही पाळीव पशुपक्षी जवळून पाहता येतील असा एक भागही आहे. आरोग्य वन, नौकाविहार, रात्रीचा प्रकाश-ध्वनी कार्यक्रम इत्यादी आकर्षणे याखेरीज आहेत.

एवढी नावे वाचली की दोन दिवसांत सर्वच पाहून घेण्याचा मोह होतो. लहान मूल बरोबर असताना हा मोह आवरणे हेच सहलीच्या आखणीतील पहिले काम होय. माहिती खात्याच्या नोकरीत असलेल्या माणसाला प्रत्येक फलकापाशी थांबून तो संपूर्ण वाचण्याची सवय असते. चार वर्षांच्या मुलाला ती नसते, आणि त्यात त्याचे काही चुकते असेही नाही. त्याला आगगाडी दोनदा हवी असते. पालकांना मात्र पैसे वसूल व्हावेत म्हणून पाचवे ठिकाण हवे असते. मुलांच्या रडारडीची बहुतेक कारणे या दोन इच्छांच्या भांडणात सापडतात.

वाट आणि वेळ

प्रकाशाहून अंकलेश्वर–बऱ्हाणपूर मार्गाने तळोदा, अक्कलकुवा, खापर असे जाऊन राज्याची सीमा ओलांडली की सागबारा, देडियापाडा आणि राजपीपळा ही गावे लागतात. राजपीपळ्याहून एकतानगर जवळच आहे. एकूण अंतर दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटर धरून चालावे. कागदावर हा चार तासांचा प्रवास आहे. मुलासह तो सहा तासांचा समजावा. सागबाऱ्यापुढे रस्ता सातपुड्याच्या पायथ्याच्या डोंगराळ मुलखातून वळणे घेत जातो, आणि गाडी लागणाऱ्या मुलांना त्रास होतो तो याच टप्प्यात. म्हणून निघण्यापूर्वी पोटभर दूध पाजणे टाळावे. कोरडी दशमी किंवा अर्धे केळे पुरते. मुलाला पुस्तक अथवा मोबाईलमध्ये डोके घालून बसू न देता समोरच्या रस्त्याकडे पाहावयास लावावे. दीड तासाने गाडी थांबवून त्याला दहा मिनिटे धावू द्यावे. तळोदा आणि अक्कलकुवा हे त्यासाठी सोयीचे थांबे आहेत.

आपल्याकडील काही पालक ‘मूल झोपून जाईल’ म्हणून पहाटे तीनला किंवा रात्री निघणे पसंत करतात. हिवाळ्यात हे करू नये, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. ऊसतोडणीच्या हंगामात पुरुषोत्तमनगर परिसरात उसाने भरलेल्या ट्रॅक्टरांची व बैलगाड्यांची अखंड ये-जा असते. मागे दिवा नसलेली ट्रॉली अंधारात दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. सूर्योदयानंतर निघावे आणि परतताना दिवेलागणीच्या आत प्रकाशा गाठावे.

मोटारीत मुलाला पुढच्या आसनावर मांडीवर घेऊन बसण्याची पद्धत सर्रास दिसते. २०१९ मध्ये सुधारलेल्या मोटार वाहन कायद्यानुसार चौदा वर्षांखालील मुलाला सुरक्षापट्टा किंवा बालकांसाठीचे आसन वापरणे बंधनकारक आहे. मांडीवरचे मूल अचानक ब्रेक लागताच आईच्या हातून निसटते. उंचीच्या पट्टीबाबत वर जे सांगितले तेच येथेही लागू पडते.

एस.टी.ने जाणाऱ्यांना पाच वर्षांखालील मुलाचे तिकीट लागत नाही व पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धे पडते. १७ मार्च २०२३ पासून महिलांना मिळणारी निम्म्या भाड्याची सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच आहे, हे हिशेब मांडताना ध्यानात ठेवावे. थेट गाडी न मिळाल्यास राजपीपळा येथे गाडी बदलता येते. रेल्वेनेही जाता येते. नंदुरबारहून सुरत, तेथून वडोदरा आणि वडोदऱ्याहून १७ जानेवारी २०२१ रोजी सुरू झालेले एकतानगरचे स्थानक, असा तो मार्ग आहे. वाट वाकडी व वेळखाऊ खरी, पण गाडीत स्वच्छतागृह असते आणि मुलाला पाय मोकळे करता येतात. नुकतेच लंगोट सोडलेल्या मुलाच्या आईवडिलांना या दोन गोष्टींचे मोल वेगळे सांगावयास नको. रेल्वेतही पाच वर्षांखालील मुलास स्वतंत्र आसन न घेतल्यास भाडे पडत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र शायिका घेतल्यास मात्र पूर्ण भाडे द्यावे लागते.

ऋतूविषयी फारशी चर्चा नको. एप्रिल-मे महिन्यांत तापीखोऱ्यात जे ऊन असते तेच नर्मदेच्या त्या खडकाळ काठावरही असते. शाळांना सुटी आहे एवढ्या एकाच कारणाने त्या उन्हात लहान मुलाला नेऊ नये. दिवाळीची सुटी आणि ३१ ऑक्टोबरच्या आसपासचे दिवस प्रचंड गर्दीचे. जानेवारीतील मधल्या वारांसारखा काळ नाही. तीन-चार वर्षांचे मूल अद्याप शाळेच्या हजेरीपटावर नसते, ही सवलत पालकांनी अवश्य घ्यावी.

दोन दिवसांचा क्रम

सकाळी सातला निघून दुपारी एकच्या सुमारास मुक्कामी पोहोचावे, जेवण करावे आणि मुलाला झोपू द्यावे. दुपारची झोप हा या सहलीचा कणा आहे. ती चुकली की संध्याकाळी सहाला दिसणारे कोणतेही नवल मुलाच्या दृष्टीने नवल राहत नाही. चारच्या पुढे पोषण उद्यानात जावे आणि तेथे घाई करू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी, दारे उघडताच प्राणिसंग्रहालय गाठावे. प्राणी सकाळी हिंडतेफिरते असतात. ऊन चढले की वाघसिंहही आपल्याप्रमाणेच सावलीत पडून राहतात व ‘तो हलत का नाही?’ या प्रश्नाला उत्तर उरत नाही. चढण पुष्कळ असल्याने तेथील वाहनाचा उपयोग करावा. दुपारच्या जेवणानंतर परतीला लागावे.

मग पुतळा केव्हा पाहावयाचा, असे कोणी विचारील. पुतळा लपणारा नाही. येथे कोठेही असले तरी तो दिसतच राहतो. पायथ्याशी जाऊन मुलाला मान वर करून पाहू द्यावे. त्याच्या पावलाच्या मापापुढे आपण केवढे ते त्याला आपोआप कळते. सुमारे १५३ मीटर उंचीवरील प्रेक्षागॅलरीचे तिकीट विशिष्ट वेळेसाठीच मिळते आणि उद्वाहकासाठी रांग लागते. मोठ्यांना तेथून दिसणारे धरण व विंध्य-सातपुड्याच्या रांगा अविस्मरणीय वाटतात. कडेवरच्या मुलाला तासभर रांगेत धरून मग जाळीतून दूरचे डोंगर दाखविण्यात मात्र फारसा अर्थ नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कुटुंबात आजी-आजोबा असतील तर एकाने मुलापाशी थांबून बाकीच्यांनी जाऊन यावे. रात्रीचा प्रकाश-ध्वनी कार्यक्रमही मूल जागे असले तरच.

शिदोरी, पाणी आणि एक महत्त्वाची सूचना

मुलाच्या तोंडी रुळलेले अन्न दोन दिवस पुरेल इतके बरोबर असावे. दशमी, गूळपोळी, मुरमुरे, केळी आणि फोडी करून डब्यात ठेवलेली पिकी पपई ही आपल्या भागातील उत्तम शिदोरी होय. भाजलेले अख्खे शेंगदाणे व फुटाणे मात्र पाच वर्षांखालील मुलांना चालत्या गाडीत देऊ नयेत; गाडीच्या हिसक्याने ते घशात अडकण्याचा धोका असतो. शेंगदाणे द्यावयाचेच तर कुटून, गुळाबरोबर द्यावेत. उलटी-जुलाब सुरू झाल्यास उपयोगी पडणारी क्षारसंजीवनीची पाकिटे जवळ ठेवावीत. ती नसतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते पाणी घोटाघोटाने पाजावे. चमचा चहाचा घ्यावा, भाजी वाढण्याचा नव्हे.

नंदुरबार जिल्ह्यातील वाचकांसाठी येथे एका गोष्टीचा विशेष उल्लेख करणे अगत्याचे आहे. भिल्ल, पावरा आदी आदिवासी समाजांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण लक्षणीय आहे. या विकारात रक्तातील तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडताच विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. त्यामुळे हातपाय, पोट, पाठ यांत असह्य वेदना उठतात. शरीरातील पाणी कमी होणे, अतिश्रम, ताप आणि एकाएकी लागलेली थंडी ही हे दुखणे उसळण्याची नेहमीची कारणे होत. सहलीचा दिवस नजरेसमोर आणला तर ही चारही कारणे त्यात एकत्र येऊ शकतात, हे सहज ध्यानात येईल. मूल खेळण्याच्या नादात पाणी पीत नाही. लघवीला जावे लागू नये म्हणून कित्येकदा पालकच त्याला पाणी देत नाहीत. मग उन्हातून एकदम वातानुकूलित दालनात नेतात, किंवा जलक्रीडेच्या उद्यानात थंड पाण्यात तासभर डुंबू देतात.

म्हणून सिकलसेलग्रस्त मुलाला सहलीला नेऊच नये काय? असे मुळीच नाही. या मुलांच्या वाट्याला दवाखान्याच्या फेऱ्या पुष्कळ येतात. आगगाडीची एखादी फेरी त्यांच्याही वाट्याला यावयास हवी. फक्त आखणी त्यांच्या बेताने करावी. निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, चालू असलेली औषधे एक दिवसही चुकवू नयेत, तपासणीचे कागद सोबत ठेवावेत. अर्ध्या-पाऊण तासाने, मागितले नाही तरी, पाणी पाजावे. एक स्वेटर पिशवीत वरच असावा. थंड पाण्यातील खेळ टाळावेत आणि चढण मुलाने पायी चढू नये. ताप आला किंवा दुखणे सुरू झाले तर ‘घरी जाऊन बघू’ असे म्हणून वेळ न दवडता जवळच्या रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका दोन्ही राज्यांत मिळते. ज्या मुलांची तपासणीच झालेली नाही त्यांची ती जवळच्या आरोग्य केंद्रात करून घ्यावी. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले असून तपासणी हाच त्याचा पाया आहे. शालेय सहलीची संमतिपत्रे भरून घेणाऱ्या शिक्षकांनी त्यात या विकारासाठी एक ओळ ठेवली तर ती वाया जाणार नाही.

गर्दीत मूल हरविण्याची धास्ती प्रत्येक आईला असते. त्या दिवशीच्या कपड्यांत मुलाचे छायाचित्र सकाळीच काढून ठेवावे, आणि वडिलांचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून सदऱ्याच्या आतल्या बाजूस टाचावा. बाहेर दिसेल असे मुलाचे नाव लिहू नये. नावाने हाक मारणाऱ्या अनोळखी माणसावर मूल चटकन विश्वास ठेवते. आपण दिसेनासे झालो तर शोधीत न फिरता जागीच थांबावयाचे आणि गणवेशातील माणसाला सांगावयाचे, एवढे दोन नियम घरी खेळ म्हणून शिकवावेत. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

पाण्याखालची गावे

या सहलीचे आणखी एक अंग आहे आणि शिक्षकांना व पंचायत सदस्यांना ते टाळता येण्यासारखे नाही. पुतळ्यासमोर दिसणारे सरदार सरोवर धरण १७ सप्टेंबर २०१७ रोजी राष्ट्रार्पण झाले. १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत त्याचा जलाशय २०१९ च्या पावसाळ्यात प्रथमच भरला. या जलाशयाने महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली आणि ती सर्व आपल्याच जिल्ह्यातील, अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील आहेत. मणिबेली हे त्यांतील पहिले. प्रकाशाहून एकतानगरला जाताना तळोदा तालुक्यातून आपण जातो. तेथे वसविलेल्या पुनर्वसन गावांतील आजी-आजोबांचे बालपण त्या पाण्याखाली आहे. धरणाच्या पाण्याने गुजरातच्या दुष्काळी भागाची तहान भागते हे जितके खरे, तितकेच हेही खरे. चार वर्षांच्या मुलाला यातले काही सांगण्याचे कारण नाही. बरोबर सातवी-आठवीतले भावंड असेल, तर प्रेक्षागॅलरीतून दिसणाऱ्या पाण्याकडे बोट दाखवून त्याला ते सांगावे. वर्गातील शेजारच्या बाकावरचा मित्र कोठून आला, हे त्याला त्यामुळे कळेल.

पोषणाचा विषयही याच पाण्याशी येऊन भिडतो. २०२० मध्ये करोनाच्या साथीत आहार घ्यावयास मुले व गरोदर स्त्रिया अंगणवाडीपर्यंत येईनाशा झाल्या, तेव्हा चिमलखेडीच्या एका अंगणवाडी सेविकेने स्वतः होडी वल्हवत नर्मदेकाठच्या पाड्यांवर जाऊन मुलांची वजने घेतली व आहार पोहोचविला. देशभरच्या वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली होती. पोषण उद्यानातील चकचकीत गाडीत बसून मूल दूध, फळे, पालेभाजी यांची नावे शिकते ते चांगलेच आहे. तेच शिक्षण याच नदीच्या वरच्या अंगाला, विजेच्या दिव्यांवाचून, तराजू आणि आहाराच्या पाकिटांनिशी चालू असते. जिल्ह्यातील अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिकांनी या उद्यानातील खेळ एकदा नजरेखालून घातले, तर पुठ्ठा, रंग आणि गावातल्या भाज्या यांतून तशीच एखादी ‘आगगाडी’ आपल्या अंगणवाडीत उभी करणे अवघड नाही. त्यासाठी स्वतंत्र अनुदानाची वाट पाहण्याचीही गरज नाही.

खर्च आणि पर्याय

खर्चाचा अंदाज करताना तिकिटे व मुक्काम यांचेच आकडे धरले जातात. प्रत्यक्षात पैसा निसटतो तो खाद्यपदार्थ, खेळणी आणि छायाचित्रे यांत. यावर उपाय म्हणजे मुलाला घरीच सांगून ठेवावे की एक वस्तू मिळेल, आणि ती शेवटी, निघताना घेतली जाईल. तिकिटे अधिकृत संकेतस्थळावरूनच आगाऊ काढावीत. वयावर सवलत असते म्हणून मुलाच्या जन्मदाखल्याची प्रत जवळ असावी. प्रत्येक ठिकाणाचे वेगळे तिकीट असल्याने, दोनच ठिकाणे पाहावयाची असे ठरविलेल्या कुटुंबाचे पैसेही वाचतात. मुक्काम राजपीपळा येथे केल्यास निवड अधिक मिळते, मात्र दुपारच्या झोपेसाठी येण्याजाण्याची दगदग वाढते. जमल्यास एकतानगरातच राहावे.

ज्यांना यंदा हे शक्य नाही त्यांनी हिरमुसण्याचे कारण नाही. सुमारे साडेअकराशे मीटर उंचीवरील तोरणमाळचा यशवंत तलाव, उनपदेवचा गरम पाण्याचा झरा, सारंगखेड्याची यात्रा ही ठिकाणे एका दिवसात पाहून होतात, आणि तीन वर्षांच्या मुलाला डोंगरातून गरम पाणी येते ही गोष्ट कोणत्याही यंत्रापेक्षा कमी नवलाची वाटत नाही. प्रकाशाच्या घाटावर, बॅरेजमध्ये अडलेल्या तापीच्या पाण्यावर उतरणारे पक्षी दाखवावयाला तर तिकीटही लागत नाही. पाण्याच्या कडेला मुलाचा हात मात्र सोडू नये.

एकतानगर येथील बहुतेक स्थळे सोमवारी बंद असतात. रविवारी संध्याकाळी मुक्कामाला पोहोचण्याच्या बेताने निघणाऱ्यांनी हे आधी पाहून घ्यावे आणि निघण्याचा वार मंगळवार किंवा बुधवार ठेवावा.